पानांखालचं विमान

९ ऑक्टोबर, ब्राउनश्वाइग, जर्मनी
आले एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकीबाहेर अक्रोडाचं मोठं झाड आहे आणि स्वयंपाकघरात एक फळी माझ्यासाठी रिकामी ठेवलीये. तिच्यावर गोडा मसाला, चिवड्याचा डबा मांडला आणि घर झालं. आनमेल्डुंग, म्हणजे पत्ता नोंदवायचं काम, उद्या.

नोकरी अजून खरी वाटत नाही. पानगळीत जंगल रंग कसं बदलतं त्याचे वरून फोटो काढायचे, आणि त्यासाठी दोन माणसांच्या विमानातून हार्त्झच्या डोंगरांवर फिरायचं! आईने फोनवर विचारलं, त्या विमानाला दारं तरी आहेत ना? आहेत म्हटलं. मग म्हणाली, कानटोपी घाल.

१२ ऑक्टोबर
पहिलं उड्डाण. विमान चालवते हाइडरून, वय अडुसष्ट, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. तिने भेटल्याभेटल्या 'डू', म्हणजे 'तू', म्हणायला लावलं, म्हणून इथेही 'ती'च लिहिते. सातारला असते तर काकू म्हटलं असतं. तिला 'विभावरी' जमत नाही, 'विबा' म्हणते.

विमान म्हणजे पंख लावलेली जुनी फियाट. पेट्रोलचा वास, गुडघ्याला गुडघा, आणि हेडफोन घातल्याशिवाय शेजारच्याचंही ऐकू येत नाही. पण खाली! भुंगेऱ्यांनी खाल्लेली सूचिपर्णी झाडं राखेसारखी करडी, आणि त्यांच्यामधून बूखंची, म्हणजे बीचची, झाडं पेटल्यासारखी पिवळी, तांबडी. मी फोटो काढायचे विसरले. हाइडरून हसून म्हणाली, "गेनाऊ, अगदी! पहिल्या दिवशी सगळे विसरतात."

१६ ऑक्टोबर
हे विमानात बसून लिहितेय, आणि विमान जमिनीवर आहे. आम्ही दोघी ठीक आहोत, हे आधी.

दुपारी एक दरी दिसली. ना रस्ता, ना घर, नुसती तांबूस पानं आणि मधोमध मोकळं कुरण. हाइडरून म्हणाली की तीस वर्षं ती इथून उडते, पण ही दरी कधी पाहिली नाही. जरा खालून एक फेरी मारू या, असं तीच म्हणाली. वळताना धुकं आलं, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. तिने विमान कुरणात इतकं अलगद टेकवलं की मी टाळ्या वाजवणार होते. तेवढ्यात पुढचं चाक खड्ड्यात मोडलं.

फोनला रेंज नाही. रेडिओवर खरखर. पण अपघाताचा इशारा देणाऱ्या यंत्राचा दिवा लुकलुकतोय. हाइडरूनने थर्मासमधली कॉफी वाटून घेतली, मी चिवडा काढला. तिला तो फार आवडला. सकाळी शोधतील, म्हणाली.

१७ ऑक्टोबर
सकाळी काचा तांबड्या झाल्या होत्या. विमानभर पानं. मला गंमत वाटली, फोटोसुद्धा काढला. मग लक्षात आलं की झाडं कुरणाच्या पार कडेला आहेत आणि वारा अजिबात नाही. आजूबाजूच्या गवतावर एक पान नव्हतं. सगळी विमानावरच.

दुपारी धुक्यातून हेलिकॉप्टरचा आवाज आला, डोक्यावरून गेला. आम्ही ओरडलो. हाइडरून म्हणाली, धुकं विरलं की परत येतील.

१८ ऑक्टोबर
आकाश स्वच्छ. पांढरे पंख वरून दिसावेत म्हणून आम्ही जॅकेटांनी पानं झाडली. हेलिकॉप्टर आलं. मी वर पाहून हात हलवत होते, हाइडरून माझी बाही ओढत होती. पंख पुन्हा झाकले गेले होते. पान पडताना मी एकही पाहिलं नाही. हेलिकॉप्टर एक घिरटी घालून निघून गेलं.

मग ओढ्याच्या कडेने चालत निघालो. झाडांखाली पानं घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. हाइडरूनचा पाय निघेना. दोघींनी ओढून काढला. बूट आतच राहिला. ती म्हणाली, खाली मऊ होतं. आणि गरम.

परत विमानात.

१९ ऑक्टोबर
हाइडरून गेली.

दुसऱ्या बाजूने चढून कड्यावर जाते म्हणाली, तिथून फोनला रेंज मिळेल. मी नको म्हटलं. तिने पायाला माझा स्वेटर गुंडाळला, विमान बांधायचा दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "आल्झो, काही झालं तर ओढ," म्हणाली. माझ्या गालावर थोपटलं.

दोर सरकत राहिला. थांबला. मी हाका मारल्या. ओढला, तर हलकाच आला. गाठ तिने मारली तशीच होती, फास आवळलेला. आत कुणी नव्हतं. पानं होती.

पुन्हा १९
कुरणावरही पानं आहेत आता. सगळीकडे. चाकं दिसत नाहीत.

हेडफोनमधून हाइडरून बोलली. आनंदाने रडायलाच आलं. म्हणाली, रस्ता सापडला, गाडी उभी आहे, चालत ये. मी दाराच्या कडीला हात घातला.

मग कळलं. ती मराठीत बोलत होती. "ये गं विभावरी, इकडे ऊब आहे." अगदी स्वच्छ. 'भ' सुद्धा.

हेडफोनची वायर काढून टाकली.

२० ऑक्टोबर
बॅटरी संपली. इशाऱ्याचा दिवा विझला. पानं खिडकीच्या निम्म्यावर—

दार बाहेर उघडतं. ढकललं. बोटभर फट पडली, पानं आत आली, मी पुन्हा ओढून घेतलं. त्यांना ऊब आहे. हात लावला तर अंगासारखी.

आई, मी कानटोपी घातली आहे.

दिवसच आहे बहुतेक
काचांतून लालसर उजेड. वरचं सगळं झाकलं. हवा कमी—

हेडफोन बोलतोय. वायर काढली आहे तरी. मराठी नाही, जर्मन. पुरुषाचा आवाज, दमलेला, खरा वाटतो. बचाव पथक, म्हणतोय. आम्ही वरून खणत तुमच्यापर्यंत पोचलोय, दाराची कडी आतून काढा, बाकीचं आम्ही करतो.

मी विचारलं, हाइडरून कुठे आहे. आमच्यात आहे, म्हणाला.

वर खरंच खसखस ऐकू येते. माणसं असतील. असतीलच. कडीवर हात आहे माझा. एकदा खात्री करून—

मी म्हटलं, तुम्ही बाहेर असाल तर डोक्यावरच्या काचेवर वाजवा.

वाजवलं. तीनदा.

काचेवर नाही. माझ्या पायाखाली, विमानाच्या तळाला, आणि आता सीटच्या—