म्हशीमार्फत

४ जानेवारी
एम.ए.चा प्रोजेक्ट ठरला. शांतता आणि संघर्ष अभ्यास, शेवटचं सेमिस्टर. एक खरा वाद निवडायचा, मध्यस्थी करायची, अहवाल द्यायचा. बाकीचे विद्यार्थी वाद शोधत सेलू-सोनपेठ हिंडणार. मला आमच्या झरी गावातून हलायचीही गरज नाही. आई आणि राजेश्रीकाकू, सख्ख्या जावा, सहा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. मध्ये फक्त एक भिंत. दोघींचा माझ्यावर विश्वास आहे.
पुण्यात मी प्रेशर गेज कॅलिब्रेट करायचे. माणसं त्याहून अवघड नसावीत. नोकरी मी सोडली. टीमशी पटलं नाही, असं आई सांगत फिरते. वस्तुस्थिती अशी, की टीमला माझ्याशी जमवून घेता आलं नाही.

७ जानेवारी
निरीक्षण. बोलत नाहीत हे पूर्ण खरं नाही. आमची म्हैस चंद्री भिंतीलगत बांधलेली असते. आई तिला पाणी दाखवताना मोठ्यानं म्हणाली, "चंद्रे, नळ आलाय म्हणावं." पलीकडून काकू, "कळलं म्हणावं, चंद्रे. अन् वरणात मीठ लय झालतं ते बी सांग." वरण काल भिंतीवरून गेलं होतं. आई म्हणाली, "चंद्रे, वाटी तर चाटूनपुसून आली म्हणावं."
असं दोन्ही वेळा, रोज. नोंद: संवाद अप्रत्यक्ष, नॉइज फार. मधला घटक काढला की सिग्नल स्वच्छ होईल.

११ जानेवारी
काकूला मोतीबिंदू. ऑपरेशन २८ तारखेला, परभणीला. काका नाहीत. मुलगा शिवप्रकाश बेंगळुरूला, त्याला सुटी नाही. आज काकू म्हशीला म्हणाली, "चंद्रे, मला भ्या वाटायलंय." आईनं शेणाची पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "चंद्रे, मी येणार हाय संगं म्हणावं. तुझं दूध त्या दिशी त्रिवेणी काढील."
मला दूध काढता येत नाही, पण मुद्दा तो नाही. म्हैस काही परभणीला जाणार नाही. दोघी गप्प बसून जाणार का? २८ च्या आत समेट व्हायला हवा.

१४ जानेवारी
माझ्या गाइड संघप्रिया मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, या दोघींना मध्यस्थी हवी आहे का? प्रश्न सैद्धांतिक असावा. मी हो म्हणाले.

१९ जानेवारी, दुपार
बैठक झाली. तटस्थ जागा म्हणून शेजारच्या सुलाबाईंची ओसरी. आल्या आल्या दोघी हात जोडून एकमेकींना "शरणार्थ" म्हणाल्या. चांगलं लक्षण. नियम सांगितले: म्हशीचं नाव घ्यायचं नाही, समोरच्या व्यक्तीकडे बघून बोलायचं, मूळ कारणापासून सुरुवात करायची.
आई म्हणाली, "जुनं हाय, राहू दे." काकू म्हणाली, "कशाला उकरतीस, बाई?" टाळाटाळ, अशी नोंद केली आणि पुन्हा विचारलं.
मूळ कारण मीच निघाले. काकूनं तिच्या भाच्याचं स्थळ माझ्यासाठी आणलं होतं. 'आमच्या पोरीला इंजिनिअर मिळंल' म्हणून आईनं ते परतवलं. मला हे माहीत नव्हतं. तरी माझ्या तटस्थतेला बाधा येत नाही.
काकू आईकडे बघून म्हणाली, "मग मिळाला का, अक्का, इंजिनिअर? पोरगी तर घरी बसून शांततेचा अभ्यास करायलीय."
आई तिच्याकडे बघून म्हणाली, "अन् तुझा लेक? आईच्या डोळ्यासाठी त्याला सुटी न्हाई. जाव न्यावी लागायलीय."
नियम दोघींनी तंतोतंत पाळले.
काकू उठली. "तुमी नका येऊ," म्हणाली.

२० जानेवारी
पलीकडून आवाज नाही. गेजलाही स्थिरावायला वेळ लागतो.

२४ जानेवारी
नळ आला. आईनं म्हशीला पाणी दाखवलं, काही बोलली नाही. काकूचे हंडे कोरडे राहिले. मी जाऊन सांगितलं, पाणी येऊन गेलं. काकू म्हणाली, "तुला कोन विचारलं?"
म्हणजे थेट संवाद सुरू झाला आहे.

२८ जानेवारी
आईनं पहाटे आंघोळ केली, विभूती लावली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि ओसरीत बसली. जीप काकूच्या दारात थांबली. काकू आणि सुलाबाई बसल्या. जीप आमच्या दारावरून गेली.
आईनं लुगडं बदललं. दूध तिनंच काढलं.

३ फेब्रुवारी
अहवाल पाठवला होता. निष्कर्ष: अप्रत्यक्ष संवाद आणि टोमणे पूर्ण बंद. मॅडमनी एका ओळीसह परत केला: मग त्या दोघींचं काय झालं? सगळं चौथ्या पानावर आहे. वाचलं नसावं.

६ फेब्रुवारी, सकाळ
मी गोठ्याच्या दारात उभी होते. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "चंद्रे, चहा झालाय म्हणावं."
मला वाटलं, काकूसाठी. बरं वाटलं. मग लक्षात आलं, आवाज भिंतीपलीकडे जाण्याइतका मोठा नव्हता.
आई आत गेल्यावर चॅनल तपासून बघितला. म्हशीजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले, "चंद्रे, काकूचा डोळा कसा हाय, विचार." एरवी मी असं बोलत नाही.
चंद्री रवंथ करत राहिली. पलीकडे काकूनं मिक्सर लावला. बराच वेळ चालला. भांड्यात काही नव्हतं. रिकाम्या मोटरचा आवाज मला ओळखता येतो.