कालवणात टोमॅटो

प्रिय मालन,

तेजल शनिवारी मुलुंडला येतेय, तिच्या हाती हे पत्र देतेय. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर आपण दोघी पाच मिनिटांत जुन्या भांडणावर येतो आणि मग तू ‘रेंज नाही’ म्हणून ठेवून देतेस. कागदाला रेंज लागत नाही. तेव्हा बस आणि शेवटपर्यंत वाच.

मोठी बातमी आधी सांगते. मी घर सोडतेय. एप्रिलमध्ये बाथरूममध्ये पडले ते तुला ठाऊक आहे, पण किती वेळ तशीच पडून होते ते कुणाला सांगितलं नव्हतं. हाका मारून घसा बसला. आपल्या चाळीच्या जागी टॉवर झाला, घर मोठं मिळालं, पण आवाज कुणाला जात नाही. चाळीत नुसती शिंकले असते तरी चार जणी धावल्या असत्या. तेजल म्हणाली, आई, अंधेरीला ये माझ्याकडे. तिचं घर केवढं, तुला माहीत आहे, आणि तिथे तिची सासू आधीच आहे. एका स्वयंपाकघरात दोन म्हाताऱ्या म्हणजे काय ते तुला नि मला कुणी सांगायला नको. मग मीच म्हटलं, ती नवी घरं निघालीत ना, खोली आपली आणि हाताशी माणसं त्यांची, ती बघू. तेजल रडायला लागली. म्हटलं, बाई गं, मी मसणात नाही चालले, राहायला चाललेय.

मुलगी बघायला जातात तशा दोघी फिरलो. पहिल्या ठिकाणी दारात कारंजं होतं. महिन्याचा आकडा ऐकून तेजलने मला चहासुद्धा पिऊ दिला नाही. घाटकोपरचं घर झकास होतं, माणसंही गोड, पण मासे कधी असतात विचारलं तर तिथली बाई हसली. तिला थट्टा वाटली! शेवटी आपल्या दहिसरलाच, नदीपलीकडे एक साधं घर मिळालं. खाटेजवळ घंटी, न्हाणीत धरायला दांडे, आणि खाली चार म्हातारे पत्ते खेळताना एकमेकांवर ओरडत होते. मला तिथेच बरं वाटलं. तेजलने विचारलं, आई अंथरुणाला खिळली तर ठेवणार, की आमच्या दारात आणून सोडणार? कल्पिता म्हणून बाई ते घर चालवते. तिने गोड बोलून वेळ नाही मारली. कुठपर्यंत सांभाळू, जास्तीचे पैसे कधी लागतील, हॉस्पिटलात कधी हलवू, दरवर्षी किती वाढ होईल, सगळं तोंडावर सांगितलं. मला अशीच माणसं आवडतात. नाहीतर तुझ्याशी इतकी वर्षं निभावलं असतं का?

आधी आठवडाभर राहून बघा म्हणाली, म्हणून राहिले. बुधवारी मासे होते. ताट पुढ्यात आलं आणि वाट लागली. बांगड्याच्या कालवणात टोमॅटो! कोकम नाही, तिरफळ नाही, टोमॅटो गं! मी घास हातात धरून बसले आणि मला तू आठवलीस.

मनोरीहून नवी नवरी होऊन आलीस आणि पहिल्याच रविवारी माझ्या कालवणात चिंच घातलीस. मी म्हटलं, आमच्या मालवणात कोकमं पडतात. तू पदर खोचून म्हणालीस, “वहिनी, मासे धरतो आम्ही, आम्हाला नका शिकवू.” तिथे जी चूल वेगळी झाली! एकच खोली, एकच ओटा, दोन स्टो आणि दोन पातेली. आमचे हे आणि नंदूभावजी दोन्ही पातेल्यांतलं चापून खायचे आणि आपल्यासमोर कुणाचंच नाव घ्यायचे नाहीत. चूक तुझीच होती, हे मी आजही म्हणते. पण माझा हात मोडला तेव्हा महिनाभर तूच भरवलंस, तेही चिंचेचंच, आणि मी वाटी पुसून खाल्ली. तुझी चिंच परवडली गं. त्या टोमॅटोसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारच्या आजोबांना वाटलं तिखट लागलं.

आचाऱ्याला बोलल्याशिवाय मी राहते थोडीच! कल्पिता म्हणाली, आजी, मग बुधवारी त्याच्याबरोबर तुम्हीच बाजारात जा. पण कल्ला उचलून मासा ओळखावा तो तुझ्याच हाताने. मला कोळणी अजून फसवतात.

आता अडलंय ते सांगते. फ्लॅट भाड्याने दिला की त्या भाड्यात एकटीची खोली बसत नाही, दोघींतली बसते. वरचे पैसे तेजल घालते म्हणते, पण तिने पोरांच्या फिया भराव्यात आणि मला भेटायला मोकळ्या हाताने यावं. दुसरी खाट रिकामी आहे. कल्पिता महिनाअखेरपर्यंत थांबेल, मग जी येईल ती येईल. परवा एक बाई बघून गेल्या. भल्या होत्या, पण आठला दिवा घालवतात.

गणपतीत तू हसत म्हणालीस, नितेश आणि श्रुतिका कामावर गेले की संध्याकाळपर्यंत मी टीव्हीशी बोलते. सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्याच घरातलं बोलतेयस असं वाटलं. मालन, ती खाट तू घे. भावजींची पेन्शन तुला येते, त्यात तुझा वाटा बसेल, हिशेब मी तेजलकडून करून घेतलाय. नितेश चिडेल, लोक काय म्हणतील म्हणेल. त्याला सांग, आई कुठे आश्रमात नाही चालली, जावेकडे राहायला चाललीय. हवं तर आधी आठवडाभर राहून बघ. तिथे चूल आपल्या दोघींचीही नाही, म्हणजे वेगळी काढायची भीती नाही. खिडकीकडची खाट मात्र मी धरलीय. हवी असेल तर भांडायला ये. आणि येताना चिंच आण.

तुझीच थोरली,
शेवंती