कापलेली सात नावं

३ सप्टेंबर
ओरानला पोचले. त्लेमसेनच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतरचे आठ महिने नुसती फरशी पुसत काढले. आता पुरे. झुबीरच्या कंपनीत नोकरी मिळाली. त्याच्या वडिलांनी कॅसेटवर काढलेली इथल्या राय ढंगाची जुनी गाणी तो आता सोशल मीडियाच्या ॲपांना पुरवतो. तिथून एखादं गाणं गायब झालं, की कारण शोधून ते परत आणायचं, हे माझं काम. झुबीर म्हणाला, "बाई, पोरं ठेवून पाहिली. ती ॲपला शिव्या देत बसतात. तुम्ही निदान पत्र तरी नीट लिहाल."

कचेरीच्या वर त्याची आई सित्ती राहते. मला खोली तिच्याकडेच दिली आहे. खिडकीतून बंदर दिसतं. जेवताना तिसऱ्यांदा वाढलेलं नको म्हटलं, तर म्हणाली, "एवढंसं खाऊन एकतीस वर्षं पोरांवर ओरडलीस कशी?" मी एकसष्ट वर्षांची आणि ती मला पोरी म्हणते. चालेल.

५ सप्टेंबर
कामाला शिस्त लावली. दुकानांनी जाहिरातीसाठी उघडलेल्या खात्यांना ॲप बरीच गाणी दाखवतच नाही, त्यामुळे निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्यांत कुणी परदेशात असतं, कुणी गाण्याचं नाव चुकवतं, कुणी वर्षभर ॲप अपडेट केलेलं नसतं. चोवीसपैकी एकवीस तक्रारी निकाली काढल्या.

तीन उरल्या, तिन्ही एकाच गाण्याच्या. शेखा हलूमा या गायिकेचं लग्नाचं गाणं, १९७१ सालचं. आठवड्यापूर्वी यादीतून गेलं आणि ज्या व्हिडिओंवर होतं ते सगळे मुके झाले. हे सित्तीच्याच लग्नात, अंगणात रेकॉर्ड झालेलं. ती रोज विचारते, "सापडलं का गं?"

९ सप्टेंबर
ॲपवाल्यांना सहा पत्रं लिहिली. सहाही वेळा उत्तर एकच: आपला प्रश्न सुटला असावा अशी आशा आहे. असं उत्तर लिहिणाऱ्याला मी नववीतून वर जाऊ दिलं नसतं.

सातव्या पत्रानंतर कारण कळलं. सुरुवातीची चाळीस सेकंदं म्हणे संगीत नाही, बोलणं आहे. बरोबर आहे. गाणं ज्यांच्यासाठी गायचं त्यांची नावं आधी बर्राह, म्हणजे लग्नातला पुकारेवाला, पुकारतो, तसं इथेही आहे. यंत्राला लग्नघरातली रीत कोण शिकवणार?

१० सप्टेंबर
ती चाळीस सेकंदं कापली. नोंद असावी म्हणून सातही नावं क्रमाने वहीत उतरवून घेतली. पहिलं कोपऱ्यावरच्या पावाच्या भट्टीवाल्या मिलूदचं, दुसरं सित्तीच्या भावाचं, लखदरचं. सहावं नवरदेवाचं, म्हणजे झुबीरच्या वडिलांचं. सातवं नवरीचं, सित्ती.

झुबीर कचरत होता. वडील असते तर हात लावू दिला नसता, म्हणाला. मी म्हटलं, त्यांना ॲपला पत्रं लिहावी लागत नव्हती.

संध्याकाळी गाणं यादीत आलं. सित्तीने डोळे मिटून पुरतं ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे. पण हे कुणासाठी गायलंय गं?"

१२ सप्टेंबर
भट्टीच्या दारात मिलूद रोज खुर्ची टाकून बसतो. आज खुर्ची नव्हती. त्याच्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, मिलूद कोण? मग तुझे वडील कोण, असं विचारल्यावर माझ्यावरच चिडला.

१३ सप्टेंबर
दर शुक्रवारी येणारा लखदरचा फोन आज आला नाही. सित्ती म्हणते, मला भाऊ नव्हताच. भिंतीवर लग्नाचा फोटो आहे. त्यात दोन पुरुषांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे.

वहीतलाच क्रम. झुबीरला सांगितलं. त्याने सुट्टी घ्यायला सुचवलं.

१४ सप्टेंबर
मूळ फाइल परत पाठवली. उत्तर: हे गाणं आधीच उपलब्ध आहे. मग कापलेलं काढा, असं लिहिलं. उत्तर: सात दिवस लागतील. आपला प्रश्न सुटला असावा अशी आशा आहे.

कॅसेट लावून पाहिली. पहिल्या तीन नावांच्या जागी फक्त बर्राहचा श्वास.

१६ सप्टेंबर
पाच गेली. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाहीत, आणि मलाही वहीत पाहावं लागतं. पुन्हा पत्र. पुन्हा तेच उत्तर.

१७ सप्टेंबर
झुबीरला विचारलं, या जुन्या कॅसेट कुणी काढल्या. मी, म्हणाला. वडिलांचं नाव विचारलं. हसला — मग हसणं थांबलं.

आता सित्तीच उरली. जेवताना तिने ताट माझ्यापुढेच सरकवलं. स्वतःला वाढून घ्यायचं राहिलं. "पोरी," म्हणाली, "मला हाक कशी मारतात गं?"

सांगितलं. दहादा सांगितलं. दर वेळी मान हलवते आणि —

१८ सप्टेंबर, सकाळ
एक वाट आहे. नवं गाणं म्हणून पाठवायचं. नावं मीच पुकारायची, मागे ढोल वाजता ठेवून. मग यंत्राला ते संगीत वाटेल. सित्तीला समोर बसवलं आहे. तिचा हात माझ्या डाव्या हातात.

दुपार
सहा नावं झाली. वाचूनच म्हटली. माणसं कोण होती ते —

सातव्याआधी तहान लागली. पाणी आणायला उठले, हात सोडला, एवढंच. परत आले तर खुर्ची —

इथे कुणाला बसवलं होतं मी?

वहीत सातव्या जागी एक नाव आहे. अक्षर माझंच. कुणाचं, ते आठवत नाही. डावा तळवा अजून गरम आहे. नाव कुणाचंही असो, म्हणायचं आहे. ढोल चालू केला. म्हणता म्हणता इथेही लिहिते —

सि