सतरा वह्या आणि एक खोडलेले क्षेत्र

मी, दत्तात्रेय रघुनाथ मोकाशी, वय वर्षे अडुसष्ट, रोह्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेला भौतिकशास्त्राचा अधिव्याख्याता, राहणार पेण, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्या बुद्धीविषयी कोणास शंका असल्यास त्याने आधी स्वतःची तपासून घ्यावी.

१. पेणचे राहते घर पुतण्या प्रणित यास द्यावे. तो धाटावला कंपनीत शिफ्ट इंचार्ज आहे आणि तेवढ्या अकलेवर साऱ्या जगाला शहाणपण शिकवतो. "काका, ही रद्दी कशाला ठेवलीय? वाळवी लागंल," असे तो माझ्या वह्यांना म्हणतो. घर खुशाल घ्यावे, वह्यांना हात लावू नये.

२. कॉलेजच्या ग्रंथालयास माझे एकही पुस्तक देऊ नये. तिथल्या कपाटांची किल्ली प्राचार्यांच्या खिशात असते आणि प्राचार्यांना सुपरसिमेट्री हा नवा साबण वाटला होता. मी थट्टा करत नाही.

३. मुंबईच्या ज्या थोर प्राध्यापकांनी १९८७ साली माझा लेख परत पाठवला, त्यांना काहीही देऊ नये. सोबत एकच ओळ होती: "तिसऱ्या पायरीला बीजगणित बंद होत नाही." मी त्यांना दोन पानी पत्रात गाढव म्हटले. तो शब्द मागे घेत नाही. ओळ मात्र बरोबर होती.

४. आता सतरा वह्या. सुपरसिमेट्रीत प्रत्येक कणाला जोडीदार असतो. त्यांची अदलाबदल करणाऱ्या क्रियांचे बीजगणित बंद व्हावे लागते, म्हणजे कितीही उलटापालट केली तरी बाहेर काही उरू नये. मग मोजपट्टी बदलली तरी सिद्धांताचे रूप तेच राहते, हे मला सिद्ध करायचे होते. जोह्याचा मूर्तिकार काळुराम हातभर गणपतीवरून पुरुषभर गणपती करतो. तो म्हणतो, "आकार वाढू दे मास्तर, सोंडेचा कोन हलला नाय पायजे." त्याला चटकन कळले. पदवीधरांपुढे मी हात टेकले.

या वह्या सुवाच्य अक्षरात उतरवून दिल्या त्या माझी विद्यार्थिनी रिझवाना हिने, तीन वर्षे, कॉलेज सुटल्यावर. गणितातले एक साहाय्यक क्षेत्र, म्हणजे केवळ हिशेब जुळावा म्हणून धरलेली एक जादा राशी, मी खोडले होते. त्याला स्वतःची हालचाल नाही, त्याचा कण कुठे सापडत नाही, मग ठेवायचे कशाला? १९८८ साली ती भर वर्गात उभी राहिली. "सर, ते खोडू नका. त्याच्याशिवाय बंद नाय होणार." मी म्हटले, "तू अक्षर बघ. डोके चालवायला मी आहे." वर्ग हसला. ती दोन कागद टेबलावर ठेवून गेली, पुन्हा आली नाही.

तीन वर्षे मी दुसरी वाट शोधली, केवळ तिची नको म्हणून. १९९१ साली ते कागद उघडले. अर्ध्या तासात बाहेर उरणारे सगळे शून्य झाले, बीजगणित बंद झाले. सिद्धता तिची आहे. मी कोणालाही सांगितले नाही.

५. गेल्या वर्षी रोह्याच्या एसटी स्टँडवर ती भेटली. आता ती मुलांच्या शिकवण्या घेते. तिने विचारले, "सर, झालं का हो ते बंद?" मी म्हटले, "नाही." ती म्हणाली, "मग माझंच चुकलं असेल." आयुष्यात पुष्कळांना तुच्छ लेखले, पण त्या दिवशी स्टँडवर माझ्याहून हलका माणूस नव्हता.

सबब वह्या, ते दोन कागद व सर्व पुस्तके श्रीमती रिझवाना वाजिद मुकादम, रोहा, यांस द्यावीत. लेख छापल्यास नाव एकट्या तिचे असावे. व्यवस्थापक म्हणून मी काळुराम यास नेमतो. त्याने स्वतः जाऊन तिला सांगावे: बंद झाले, १९९१ सालीच झाले, आणि तुझे चुकले नव्हते.

हे वाचून दाखवल्यावर काळुराम म्हणाला, "मास्तर, तुमीच जाऊन सांगा ना. रोहा काय लांब हाय?"

मी म्हटले, "तू सही कर."

दत्तात्रेय रघुनाथ मोकाशी (सही)

आमच्यादेखत सही केली:
काळुराम नाथा म्हात्रे, मूर्तिकार, जोहे (सही)
चंद्रावती जनू पाटील, शेजारीण, पेण (अंगठा)

पेण, १४ नोव्हेंबर १९९६