तिसऱ्या दिवशीची गाठ

बाई, तुमच्या हाताखाली मी कामाला लागले तेव्हा मला बाविसावं चालू होतं आणि क्षयाची मला मनातून भीती वाटायची. राजारामपुरीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी तुम्ही मला डोळे मिटायला लावलंत आणि क्षयाच्या तपासणीची सुई टोचून घेतल्यानं तुमच्या कोपराखाली उठलेल्या गाठीवरून माझं बोट फिरवलंत. "लाली बघायची न्हाय, ती फसवती. बोटाला कडक लागंल तिथं पेनानं खूण करायची, मग पट्टीनं मोजायचं." मी घाबरून हात मागे घेतला, तर तुम्ही हसलात. "जंतू माझ्याबी अंगात हाय. मी आजारी दिसतो का तुला?"

मोठ्या मुलांसाठी क्षयाच्या नव्या लशीची चाचणी आपल्या भागात घ्यावी का, याचा वर विचार चालला होता. त्याआधी आठवी ते दहावीतल्या किती मुलांना आधीच लागण झाली आहे आणि वर्षभरात आणखी किती जणांना होते, ते कळायला हवं होतं. सोमवारी शाळेत जाऊन हातावर तीच सुई टोचायची, गुरुवारी गाठ मोजायची, दहा मिलिमीटर किंवा जास्त भरली तर लागण धरायची, हे आपलं काम.

शिवाजी पेठेतल्या शाळेत नववीतल्या एका मुलीची गाठ सोळा मिलिमीटर भरली. तिची आई वर्गाच्या दाराशीच उभी होती. तिनं मला बाजूला घेतलं. "ताई, कागदावर कमी लिवा की. उद्या सोयरीक जुळवायची म्हटलं तर कोण करून घील हिला?" तिनं पदर तोंडाला लावला, खांदे हलले. मला वाटलं रडतेय. मी सहा लिहिलं.

निघण्याआधी पाच-सहा हात तुम्ही स्वतः मोजून बघायचात. त्या दिवशी त्यात तो हात आला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणालात, "गाठ हाय तेवढीच हाय. तू नुसता आकडा बारीक केलास." मी लग्नाचं काहीतरी सांगू लागले. तुम्ही मला पुरतं बोलू दिलंत आणि मग म्हणालात, "ह्या वयात लागण झाली की पुढची एक-दोन वर्षं डोळ्यात तेल घालून जपायला लागतंय. ते तू कागदावरनंच पुसलंस. चल, घर बघू तिचं."

त्या घरात आपण खाली पोत्यावर बसलो आहोत. आई चहा ठेवतेय, मुलगी तांदूळ निवडतेय. तुम्ही सावकाश सांगताय, "पोरीला रोग झालाय असं कोण म्हणतंय? जंतू शिरलाय, पण तो कुणाकडनं तरी आलाय. घरात खोकतंय कोण?" मुलगी सुपातून मान वर न काढता म्हणते, "आईच की. दिवाळीपासनं." आई स्टोव्ह बंद करते. "चार घरचा सैपाक हाय माझ्याकडं, बाई. कळलं तर दारात उभं करणार न्हाईत."

तिच्या थुंकीत जंतू सापडले. रोजचं इंजेक्शन द्यायला तुम्ही कितीतरी दिवस पायी गेलात. शेजाऱ्यांनी विचारलं तर संधिवाताचं सांगायचात. ती बरी झाली. मुलगी आजारी पडलीच नाही, आणि तिच्या लग्नात आपण दोघी पहिल्या पंगतीला जेवलो. लशीची चाचणी मात्र आपल्याकडे झाली नाही. आपले कागद गठ्ठे बांधून गेले, त्यांचं पुढे काय झालं कुणी कळवलं नाही.

त्या घरून परतताना तुम्ही मला एकच विचारलं होतं, "ह्याच्या आदी केलतंस असं कुठं?" मी नाही म्हणाले. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

केलं होतं, बाई. महिनाभर आधी, चंदगडकडच्या एका शाळेत. सख्खी दोन भावंडं होती, बाप हात जोडून उभा होता, आणि तुम्ही त्या दिवशी आल्या नव्हतात. नंतर तिकडे जायला मला रोज एसटी होती. मी गेले नाही. तुम्ही शेवटी अंथरुणाला खिळलात तेव्हा हे सांगायला दोनदा आले आणि दोन्ही वेळा तुमच्या गुडघ्यांची चौकशी करून परत गेले. त्या दोघांची नावंही आता मला आठवत नाहीत.