सरांची पद्धत शेवटी

सोमवार, ८ सप्टेंबर
काय झालं, तेवढंच:
१. मी ज्यावर काम करते त्या नेटवर्कमध्ये माहिती पत्त्यावरून नाही, नावानं मागतात. वाटेतल्या ज्या नोडच्या (संगणकाच्या) कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, प्रत असेल, तो तिथूनच देतो.
२. मागणी कुठल्या वाटेनं पुढं पाठवायची, याच्या तीन पद्धती मी ताडून पाहिल्या. तिसरी माझ्या गाइडची, म्हणजे सरांची.
३. तिन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये, एकामागोमाग चालवल्या. सरांची शेवटी.
४. मधे कॅश रिकामी केली नाही. पहिल्या दोघींनी आणून ठेवलेल्या प्रती तिसरीला जागेवरच मिळाल्या.
५. तिसरी जिंकली. पेपर शनिवारी परीक्षणाला गेला. पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं.
यातलं चौथं आज दुपारी लॉग, म्हणजे स्क्रिप्टच्या नोंदी, वाचताना कळलं.

मंगळवार, ९
क्रम उलटा करून चालवलं. सरांची सगळ्यात मागं पडली. मग दर वेळी कॅश रिकामी करून. तिघींत सांगण्यासारखा फरक नाही.
क्रम मीच ठरवला होता. आमच्या लॅबमध्ये सेमिनारला आधी बाकीचे बोलतात, सर शेवटी. स्क्रिप्ट लिहितानाही हात तसाच वळला. विचार केला नव्हता.
शेजारच्या टेबलवरच्या शबानाला दाखवलं. बराच वेळ हसली. "अदब में मार खाई तू." मग हळूच, "सर कू मत बोल. पेपर वापस आएंगा तब देखेंगे."
आणि नाही आला तर?

बुधवार, १०
सरांच्या केबिनमध्ये. सात-आठ मिनिटं.
"नुसत्या क्रमानं एवढा फरक पडतो व्हय?"
"पडला, सर. लॉग दाखवू?"
"आता नको. लई दमलीस तू. दोन दिवस सुट्टी घे."
मी दारापर्यंत पोचले तेव्हा सर म्हणाले, "प्रबंध याच वर्षी द्यायचाय ना तुला?"
आवाज नेहमीचाच होता. प्रबंधावर सही त्यांचीच लागते. काळजीनं विचारलं असेल, किंवा

गुरुवार, ११
कॉलेजला गेले नाही. बजाजनगरला घरीच. तिन्ही पद्धती पुन्हा, प्रत्येकीला कोरी कॅश. निकाल मंगळवारचाच.
आई पोळ्या लाटत होती. "पेपरचं आत्याला सांगितलं मी."
"कशाला सांगितलंस?"
"का गं? लपवायचंय व्हय काही?"


शुक्रवार, १२
११.४० ला सरांना मेल. इथं उतरवून ठेवते.

"आदरणीय सर,
पेपरमधली तुलना चुकीची आहे. प्रत्येक पद्धतीआधी कॅश रिकामी करायला हवी होती, ती मी केली नाही. चूक माझी. दुरुस्त आलेख आणि लॉग जोडले आहेत. पेपर मागं घ्यायला दोन्ही लेखकांची संमती लागते. माझी या मेलनं देत आहे. तुमची आहे की नाही, ते सोमवार, १५ तारखेपर्यंत कळवावं."