पांढऱ्या रंगाचा पहिला हात

४ मार्च

रोजनिशी लिहावी इतके माझ्या आयुष्यात काही घडत नाही. शाळेत पहिली येत असे, आता एका गॅलरीत काम करते, एवढेच. तरीही लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे. पुढेमागे कोणी वाचलेच तर त्याने क्षमा करावी. आज जे घडले ते कोणाला सांगता येत नाही, म्हणून कागदाला त्रास.

पडदा खरवडला. न विचारता.

सकाळी घोडबंदरला गॅलरीत पोचले, तर दिल्लीहून बोलावलेला तज्ज्ञ स्टुलावर बसून बारीक सुरीने रंग सोलत होता. वीतभर लांबीरुंदीचा चौकोन, कडा अगदी सरळ. "विंडो खोली है," म्हणाला. खुशीत होता.

आमच्या कळव्याच्या चाळीत जयंतीच्या स्टेजमागे उभा राहतो तो हा पडदा, गॅलरीने प्रदर्शनासाठी मागून आणलेला. म्हणायचे पडदा, आहे प्लायवूड. बाबा दरवर्षी जुन्या चित्रावर पांढरा हात मारून नवा प्रसंग रंगवतात. खालचे थर दिसावेत म्हणून हा चौकोन. चित्रातल्या गर्दीतच का काढला, असे मी कसेबसे विचारले. गर्दीत महत्त्वाचे काही नव्हते म्हणून, असे त्याचे उत्तर.

गर्दीत सुमनकाकू होत्या.

५ मार्च

झोप नाही. गॅलरीच्या संचालिका रे. मॅडम, त्यांच्या केबिनमध्ये गेले. वाक्ये पाठ करून गेले होते, त्यांतली निम्मी आठवली.

सांगितले ते असे. वर्षभरात चाळीतले जे कोणी जाते, त्याचा चेहरा बाबा त्या वर्षीच्या गर्दीत घालतात. मागच्या एप्रिलला चवदार तळे होते आणि तळ्याच्या पायरीवर कळशी घेऊन सुमनकाकू. वर्षभर त्या तिथे असतात. मग पुढच्या जयंतीआधी पांढरा मारायचा, तेव्हा त्या चेहऱ्यावरचा पहिला हात घरच्या माणसाने मारायचा. बाकीचा बाबा मारतात. कोणी भाषण करत नाही. चहा होतो. "पेंटर, आमच्या म्हातारीचं नाक जरा जास्तच काढलंस," असे कोणीतरी म्हणते.

मॅडम लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सुजाता, किती सुंदर आहे हे! हे भिंतीवरच्या टेक्स्टमध्ये घे."

मी म्हटले, "मॅडम, तो चेहरा आता नाही."

"अगं, पण तुम्ही तो पुसणारच होतात ना? महिनाभराने. मग आम्ही पुसला काय आणि तुम्ही पुसला काय?"

 उत्तर कळव्याच्या पुलावर बस अडकली तेव्हा आले: आम्ही पुसतो तेव्हा पहिला हात घरचा असतो. माझी उत्तरे नेहमी बसमध्ये येतात.

७ मार्च

मॅडमनी बाबांना बोलावून घेतले. "ओरिजिनल आर्टिस्ट येऊ देत, फोटो काढू." बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला वाटले होते, ते चिडतील. मला हवे होते की त्यांनी चिडावे.

ते चौकोनाशी वाकले. आत गडद निळे होते आणि बैलगाडीचे अर्धे चाक.

"आयला! हे तर मी लग्नाआधी काढलेलं. हा निळा बघ, अजून कसा हाय. आता मिळत नाय असला."

मॅडम टाळ्या वाजवून हसल्या. फोटो निघाले.

रिक्षात मी म्हटले, "बाबा, काकूंचा चेहरा गेला."

"दिसलं ना मला. मीच काढलेला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी नोकरी हाय ती."

माझा राग नेमका कोणावर आहे, हे आज धड लिहिता येत नाही. बाबांवरही आहे, एवढे नोंदवते.

८ मार्च, रविवार

दूध आणायला गेले तर मिलिंददादा नाक्यावर. चाळीतल्या मंडळाचा अध्यक्ष, सुमनकाकूंचा मुलगा. माझ्या शब्दावर त्याने पडदा दिला. टेम्पोत चढवताना म्हणाला होता, "तू हायस म्हणून देतोय हां. एकोणतीसला पांढरा मारायचा. तेव्हा दारात पायजे."

आज हसत म्हणाला, "काय गं, आमची म्हातारी बरी हाय ना एसीत? जिवंतपणी पंखा लावू द्यायची नाय, बिल येतं म्हणून."

मी "हो" म्हटले. हो!

९ मार्च

रे. मॅडमचा जुना लेख काढून वाचला. बारावीत असताना ग्रंथालयातल्या मासिकातून वहीत उतरवला होता, रेघा आखून. तेव्हा त्यांची गॅलरी डोंबिवलीत पिठाच्या गिरणीवर, दोन खोल्यांत. पाट्या रंगवणाऱ्यांची चित्रे त्यांनी तिथे मांडली, तेव्हा मुंबईचे कोणी जिना चढले नाही. तरी मांडत राहिल्या. त्यांनी लिहिले होते की, चित्र भिंतीवर टांगण्याआधी ते ज्या घरातून आले तिथे जाऊन चहा प्यावा. हे वाचून मी ठरवले होते की हेच काम करायचे. आईने डी. एड.चा फॉर्म आणून ठेवला होता, तो तसाच राहिला.

ती बाई खोटी नव्हती, याचाच सर्वांत जास्त संताप येतो.

मॅडम कळव्याला एकदाही आलेल्या नाहीत. गॅलरीपासून तासाभराचे सुद्धा अंतर नाही.

११ मार्च

आजचे थंड डोक्याने लिहिते.

परदेशातल्या एका संग्रहालयाने पडद्यात रस दाखवला आहे. त्यामुळे प्रदर्शन मेअखेरपर्यंत वाढले आणि पडदा एकोणतीसला परत जाणार नाही.

"मग जयंतीला काय उभे करायचे, मॅडम?"

"फ्लेक्स लावा ना. याच पडद्याचा हाय-रेझ फोटो आहे आपल्याकडे. खर्च गॅलरीचा. तू समजावून सांग त्यांना, तुझं ऐकतील."

आणि लगेच, त्याच श्वासात, "एप्रिलपासून तू सहायक क्युरेटर. भिंतीवर माझ्या नावाखाली तुझं नाव. मीही मराठी माध्यमाचीच गं, मला माहितीये या एका ओळीसाठी किती वर्षं जातात."

मला ती ओळ हवी होती. अजूनही हवी आहे. "थँक यू, मॅडम" म्हणाले. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतले. आरशात बघितले नाही.

१२ मार्च

मिलिंददादाच्या घरी गेले. सगळे सांगितले, चौकोनासकट. त्याने टीव्ही बंद केला.

"मला विचारलं का कोणी?"

"नाही."

"तू होतीस ना तिथं?"

"मी पोचले तेव्हा..."

"पुस्तकं वाचून वाचून एवढंच शिकलीस? बघत उभं राहायला?"

वहिनी म्हणाल्या, "अहो, ती तरी काय करणार?" तो म्हणाला, "तू गप."

मी उठले तेव्हा दाराशी येऊन म्हणाला, "किती राह्यलीय?"

"ओठांच्या खालचं सगळं आहे. हनुवटी. कळशी. हात."

"मग तेवढ्यावर मारीन. पण माझ्या हातानं. तो पडदा आण."

१४ मार्च

भिंतीवरचा इंग्रजी मजकूर छापून आला. पडद्याखाली चित्रकाराच्या जागी 'अनामिक, समुदायनिर्मित'. बाबांचा फोटो कॅटलॉगमध्ये आहे, हसरा. त्याखाली नाव नाही.

मॅडमना दाखवले. म्हणाल्या, "एक नाव घातलं की कम्युनिटीचा मुद्दाच जातो. बरं, उद्घाटनाचं मराठी प्रसिद्धिपत्रक तू करून परस्पर पाठव. मला दाखवत बसू नकोस, मराठी कोण वाचतंय!"

गिरणीवरच्या दोन खोल्यांतली ती बाई हे म्हणाली.

१६ मार्च

पत्रक लिहिते, खोडते. पहिला खर्डा शिव्यांचा होता, फाडला. शिवी दिली की लोक शिवीच वाचतात. साधी वाक्ये हवीत, कर्ता स्पष्ट असलेली. आमच्या मराठीच्या बाई म्हणत, कर्ता लपवला की पाप लपते.

बाबांना वाचून दाखवले. चष्मा पुसत राहिले. "नोकरी जाईल."

"हो."

"पेंटर म्हणून माझं नाव घातलंयस ते राहू दे मग." थोड्या वेळाने, "आणि तो निळा चांगला हाय, हे पण लिव्ह."

लिहिले.

१७ मार्च

मजकूर शेवटी असा झाला:

"या पडद्याचे चित्रकार दामोदर पेंटर, कळवा. मालक, त्यांच्या चाळीचे मंडळ. आमच्या गॅलरीने मंडळाला न विचारता त्यावरील एक चेहरा खरवडला. तो सुमनकाकूंचा होता. चौकोनात दिसणारा निळा रंग जुना आणि चांगला आहे. पडदा २९ मार्चला चाळीत परत द्यायचा, असा शब्द गॅलरीच्या वतीने मी दिला आहे. त्या सकाळी काकूंचा मुलगा पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारील. पत्रकारांनी आणि गॅलरीच्या संचालिकांनी अवश्य यावे. चहा मिळेल."

खाली माझे पूर्ण नाव. हुद्दा लिहिला नाही.

वर्तमानपत्रांच्या ठाणे-कल्याण आवृत्त्यांना, मंडळाला, आणि एक प्रत रे. मॅडमना. काचेपलीकडे त्या फोनवर कोणाशी तरी हसून बोलत आहेत. संगणक त्यांच्यासमोर उघडा आहे.

पाठवले: १७ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.